विकायला काढलेली सायकल आणि गंगेची कावड

सरावावरून माझं मन का उडालं, हे मला आजही सांगता येत नाही. दुखापत नव्हती, घरातून विरोध नव्हता. एके दिवशी पहाटे गजर वाजला, तो मी बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरानं गजर लावणंच सोडलं.

मी लातूरची. आमचं बी-बियाणांचं दुकान आहे आणि मी गल्ल्यावर बसते. चाळिशीच्या आसपास टीबीनं मला खाटेवर टाकलं होतं. औषधांनी बरी झाले, पण अंगात जीव उरला नव्हता आणि उठून बसावं असंही वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चाला. चालता चालता धावू लागले, मग सायकल आली, आणि एका मैत्रिणीनं त्या शर्यतीचं वेड डोक्यात घातलं. समुद्रात जवळपास चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस किलोमीटर धावणं, आणि हे सगळं एकाच दिवसात. सासूबाई म्हणाल्या, "असं कोणतं पाप केलंस गं बाई?" पण वर्षभर मी झपाटल्यासारखी सराव केला. शर्यत दिवाळीनंतर होती. म्हणून फाल्गुनात मन उडालं तेव्हा शर्यतीची काळजी नंतर, आधी भीती ही वाटली की ती खाटेवरची मी परत येते की काय.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. पोहण्याचा तलाव कधीच बंद झाला होता. मुखेडकडच्या माहेरच्या ज्या विहिरीत मी लहानपणी पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून पोहायला शिकले होते, तिच्या तळाची कपार उघडी पडली होती. बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या असायच्या आणि त्यांच्या समोरून मी घट्ट कपड्यांत सायकलवर जायची. एकदा एकीनं ऐकवलंच, "हितं प्यायला न्हाई अन् हिला पोहायचंय!" मला राग यायला पाहिजे होता. राग आला नाही, पटलं.

खरं सांगायचं तर देवावरूनही मन उडालं होतं. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन रोज पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हे लहानपणापासूनचं वळण. पूजा चालू होती, पण भस्म लावताना डोक्यात दुकानाचं कुलूप आणि टँकरचा नंबर. शेवटी एका सकाळी मी लिंगाकडे बघून सरळ बोलले, "महादेवा, मला आता कशाचंच काही वाटत नाही. तुलाच काही वाटत असेल तर बघ." एवढं बोलून लिंग डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली आणि सायकल विकायला निघाले.

नांदेडच्या एका तरुण डॉक्टरनं ती घ्यायचं कबूल केलं होतं. टेम्पोत टाकून पाठवता आली असती, पण म्हटलं, शेवटची एकदा चालवून द्यावी. अंधारातच निघाले. पोटात अन्न नव्हतं, खायची इच्छाच नव्हती. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, ऊन चढलं. लोह्याच्या पुढं रस्त्याकडेच्या लिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना फडक्यानं तोंड बांधलेल्या तांब्याच्या कळशा. चैत्रात महादेवाला घालायला गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी नांदेडहून पायी नेतात, ती कावड.

मी पुढं निघून गेलेही असते. पण त्यांनी हाक मारली, "ए बाळा, थांब रे! खांदा दे जरा."

मी हेल्मेट काढलं. ते चपापले. "अगं माय, बाई हाय होय!"

मग कळलं ते असं. ते आणि त्यांचे साडू, दोघेच कावड घेऊन निघाले होते. दर वर्षी दहा-बाराजण असायचे, पण औंदा तरणी पोरं कामाला पुण्याकडे गेलेली. सकाळी साडूंना उन्हानं चक्कर आली आणि एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना लोह्याच्या दवाखान्यात नेलं. पिशवी साडूंजवळच राहिली, पिशवीत मोबाईल, मोबाईलात सगळे नंबर. आणि कावड एकदा उचलली की देवापुढं पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. घ्यायला दुसरा खांदाच पाहिजे. म्हाताऱ्यांचा गुडघा सुजून टम्म झाला होता. तो भार घेऊन दोन पावलंही टाकता येत नव्हती आणि खालीही बसता येत नव्हतं.

"लई जणांला हाका मारल्या," ते म्हणाले. "कुणी म्हणलं अंघूळ न्हाई, कुणी म्हणलं घाई हाय. एकानं तर फोटू काढला अन् गेला."

मी म्हटलं, "काका, मी घेतली तर चालेल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गळ्यातल्या डबीचा दोरा घामानं वर आला होता. "लिंग हाय की गळ्यात! शरणार्थ, माय, शरणार्थ." आमच्यात एकमेकांना भेटल्यावर असंच म्हणतात. "काही खाल्लंय का सकाळधरनं?"

"नाही."

"मग उपास बी झालाच. काढ ते बूट."

झालं! सायकलचे बूट हँडलला अडकवले आणि अनवाणी उभी राहिले. त्यांनी बांबू माझ्या खांद्यावर सरकवला आणि मी गपकन खाली दबले. टीबीतून उठलेली बाई मी, पण वर्षभराचा सराव पायांत होता, ते पाय टिकले. कावड लोह्याकडे, म्हणजे आल्या वाटेनं परत न्यायची होती. मी शर्यतीतल्यासारखी तरातरा निघाले, तशा कळशा हिंदकळल्या. मागून ओरडा आला, "अगं हळू! सांडून राहिली की सगळं! बांबू वर होतोय तवा पाऊल टाक." ते माझ्या सायकलवर भार टाकून, ती काठीसारखी धरून लंगडत येत होते.

डांबर तापलं होतं. टाचा भाजायला लागल्या तशी मी कडेच्या मातीतून चालू लागले. तिथं काटे. खांद्याची सालटी निघत होती. मध्येच मला वाटलं, हे काय होऊन बसलं, डॉक्टर वाट पाहत असेल. मग काका गप्पांना लागले. उदगीर जिल्हा होणार म्हणे, असं म्हणाले आणि स्वतःच हसले, "होऊ दे बापडा. आधी नळाला पाणी तर येऊ दे." मी विचारलं, "काका, इतकी वर्षं कावड आणता. कंटाळा नाही येत?"

मला वाटलं, आता भक्तीवर दोन शब्द ऐकवतील.

"येतोय की! न यायला काय झालं?" ते म्हणाले. "दर साली नांदेडात पाणी भरताना वाटतंय, मरू दे, पुढच्या साली न्हाई येत. उन्हात तर लई बेजार व्हतंय."

"मग?"

"मग काय? खाली ठेवता येत न्हाई ना!"

एवढंच बोलून ते सायकलची घंटी शोधायला लागले. तिला घंटी नाही हे कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं.

माझे डोळे भरून आले. महिनाभर मी मनाला चुचकारत होते, विचारत होते, बाबा रे, तुला का वाटत नाही? त्याला वाटायलाच पाहिजे, असा कुठला नियम होता? खांद्यावर भार होता आणि पाय चालत होते. कंटाळा सोबतच येत होता, येऊ दे. रडताना डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता, तशीच चालत राहिले.

ऊन कलल्यावर त्यांच्या गावात पोचलो. टँकर येऊन गेला होता, बाया घागरी घेऊन परतत होत्या. बाईच्या खांद्यावर कावड बघून कुजबूज सुरू झाली. देवळातले जंगम स्वामी पायरीवर आले आणि काकांना म्हणाले, "कुठं टेकली का?"

"न्हाई टेकली."

"मग इचारायचं काय? चल माय, ओत."

मी ओतलं. सगळं गाव तहानलेलं असताना दगडावर पाणी ओतायचं म्हणून मी धार बारीकच धरली, खोटं कशाला बोलू? पण ते पाणी पिंडीवरून वाहत मागच्या हौदात गेलं आणि तिथं वासरं आधीच मान घालून उभी होती. मी पिंडीवर डोकं टेकलं. काही मागायचं सुचलं नाही. हलकं वाटत होतं, इतकंच.

बाहेर आले आणि थबकले. माझी सायकल पायरीला टेकून उभी होती. हँडलवर भस्माचे तीन पट्टे, पुढच्या चाकाला झेंडूची माळ, टायरजवळ हळदकुंकू. काका नारळ घेऊन तयार.

"अहो, हे काय?"

"गाडीची पूजा केली का म्हणून तुला इचारायचंच राह्यलं. नारळ फोडला व्हता का घेतल्यावर?"

"नाही हो. सायकलला कोण फोडतं?"

"मग चालंल कशी ती?" असं म्हणून त्यांनी नारळ फोडला. बायांनी टाळ्या वाजवल्या. नव्या गाडीची करतात तशी सगळी पूजा झाली आणि मला त्या माणसाला सांगताच येईना, की मी ही विकायला चालले होते.

देवळामागं जाऊन डॉक्टरला फोन लावला. तो वैतागला होता, आणि ते रास्तच होतं. "मॅडम, सकाळपासून वाट बघतोय. कुठपर्यंत आलात?"

म्हटलं, "परत फिरले. माफ करा, सायकल द्यायची नाही."

"का? काय झालं?"

काय सांगणार? म्हटलं, "तिची आजच पूजा झाली."

दवाखान्यातून परतलेल्या साडूंनी मुक्कामाचा आग्रह केला. मी राहिले. दुसऱ्या दिवशी सायकलवरच लातूरला आले आणि तिसऱ्या पहाटे उठले. उत्साह नव्हता. तरी उठले. पाऊस पडून विहिरी भरेपर्यंत मी दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून पोहण्याचे हात मारायची. सासूबाई म्हणायच्या, "दार उपटशील गं." दिवाळीनंतर शर्यत झाली. मी पूर्ण केली, अगदी शेवटच्या काहीजणांत. धावताना पाय संपले तेव्हा मनाला काही विचारलं नाही.

त्या दिवशी त्या लिंबाखाली काका उभे होते, याला योगायोग म्हणावं की आणखी काही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी महादेवाला म्हणाले होते, तुला काही वाटत असेल तर बघ. त्यानं पाहिलं. जे पाय निकामी समजून मी सायकल विकायला निघाले होते, त्यांच्यावर त्यानं आपलं पाणी सोपवलं. यापेक्षा मोठी माया मला ठाऊक नाही.

अजून दर चैत्रात काकांचा फोन येतो. शरणार्थ झालं की एकच विचारतात, "माय, खांदा हाय का?"

कधी कधी खरंच जिवावर येतं. तरी मी म्हणते, "हाय की काका. निघाले."