दहापैकी किती

माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल यायचे, हेच माझं मोठं दुखणं होतं. जळगावात रक्त तपासलं, नॉर्मल. एक्स-रे काढले, नॉर्मल. धुळ्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, तिथं मशीनच्या बोगद्यात झोपवलं, तेही नॉर्मल. घरी आल्यावर आमच्या ह्यांनी लिफाफा टेबलावर टाकला आणि म्हणाले, "चला, सुटलो बुवा!" ते सुटले. मी मानेपासून टाचेपर्यंत तशीच ठणकत होते, आणि आता तर ठणकायची सोयही राहिली नव्हती.

सासूबाई मूळच्या दोंडाईचाकडच्या. सगळा संसार जळगावात झाला तरी बोली तिकडचीच राहिली. त्यांनी लिफाफा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "बठ्ठा रिपोर्ट चांगला शेतस ना? मंग दुखस कसाले?"

रिपोर्ट चांगले, मग दुखतं कशाला, हाच प्रश्न घरात सगळ्यांचा होता. पदर खांद्यावर ओझ्यासारखा वाटतो, भांडं उचलताना मनगटातून कळ जाते, रात्रभर झोपूनही सकाळी अंग कुटून काढल्यासारखं असतं, हे सगळं सांगून झालं होतं. त्यावर घरात एकच शब्द ठरला होता, अंगचोर. माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही, पण मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. लाज वाटायची, आणि मग लाज वाटली म्हणून संताप यायचा.

शेवटी जळगावातल्याच एका डॉक्टरीणबाईंनी खांद्यावर, कोपरावर, गुडघ्याच्या आत अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि दुखण्याला नाव दिलं. फायब्रोमायल्जिया. म्हणाल्या, "दुखतं ते खरंच दुखतं. फक्त तपासणीत दिसत नाही." मी तिथंच हमसून हमसून रडले. त्यांनी गोळ्या दिल्या, थोडं थोडं चालायला सांगितलं आणि मोबाईलमध्ये एक ॲप घ्यायला लावलं. रोज संध्याकाळी त्यात भरायचं, आज दहापैकी किती दुखलं, झोप कशी लागली, काम किती झालं. काम तुकड्यातुकड्यानं करायचं आणि थकण्याच्या आधी थांबायचं. आकडा भरला की ॲप त्या दिवसाला रंग द्यायचं. हिरवा, पिवळा नाहीतर लाल.

आमच्या ह्यांचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास कमी, मोबाईलवर फार. रावेरचा केळीचा भाव मोबाईल सांगतो, पाऊस मोबाईल सांगतो. त्यामुळे बायकोचं दुखणं मोबाईल सांगतोय म्हटल्यावर ते एकदम गंभीर झाले. स्वतः शेजारी बसून ॲप लावून दिलं. रोज दुकानातून आले की चपला काढायच्या आधी माझा फोन उचलायचे. ॲप इंग्रजीत होतं, पण रंग सासूबाईंनाही कळत होते.

पहिला लाल दिवस मला अजून आठवतो. ह्यांनी फोन आईपुढे धरला आणि म्हणाले, "आज हिला उठवू नकोस." सासूबाईंनी पदर खोचला आणि भाकरी थापायला बसल्या. मी आतल्या खोलीत पडून थापण्याचा आवाज ऐकत होते. मला आनंद झाला. उगाच साळसूदपणा कशाला करू, चांगला पोटभर आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या वाटची भाकरी दुसऱ्या कुणी केली होती.

असे काही आठवडे बरे गेले. मी सकाळी भाजी निवडून थांबायचे, थोड्या वेळानं कणीक मळायचे, परत थांबायचे. कुणी हूं की चूं केलं नाही. हळूहळू मात्र माझ्या ध्यानात आलं की घरात मला कुणी काही विचारतच नाही. सासूबाई चहा ठेवता ठेवता विचारायच्या, "आज तुना मोबाईल काय म्हणस?" हिरवा म्हटलं की पुढ्यात निवडायच्या गव्हाचं सूप यायचं. पिवळा म्हटलं की त्या ह्यांच्याकडे बघायच्या, पिवळ्यात काय काय चालतं म्हणून. एकदा मी बाजारातून आले तर ह्यांनी फोननं मोजलेली माझी पावलं पाहिली आणि म्हणाले, "एवढं चाललीस? मग आज बरं दिसतंय." मी म्हणाले, "अहो, रिक्षाच मिळाली नाही." ते हसले. मला मुळीच हसू आलं नाही.

मग आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, माझ्या दोघी नणंदाही येतात, आणि आमच्याकडे त्या दिवशी आमरसाबरोबर खापरावरचे मांडे लागतात. मांडे म्हणजे पुरणाचीच पोळी, पण लाटायची नाही. सैल कणकेचा पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापलेल्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. सासूबाईंनी मला ते शिकवलं. आता त्यांचे हात कापतात, म्हणून घरात मांडे करणारी मी एकटी.

आखाजीच्या आधीचे दोन दिवस डाळ शिजवणं, पुरण वाटणं, घर आवरणं यात गेले. तुकड्यातुकड्यानं काम करायला सणाच्या घाईत तेवढी सवड कुठे होती? दोन्ही संध्याकाळी माझी बोटं अशी आखडली की फोन हातात धरवेना. आकडा भरायचा राहून गेला. सणाच्या सकाळी उठले तर खांदे वर होईनात. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं. ह्यांनी फोन उघडला. ज्या दिवशी काही भरलं नाही ते दिवस ॲपनं सरळ सोडून दिले होते आणि बाकीच्या बऱ्या दिवसांवरून आठवड्याचा रंग काढला होता. हिरवा.

"अगं, मस्त चाललंय की!" हे म्हणाले.

"नाही हो. आज फार दुखतंय," मी म्हणाले. "हात वर जात नाहीयेत."

माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, घरातल्या सगळ्यांसमोर मी हे सांगितलं. दोघंही फोनकडे बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "हिरवं शे ना? मंग? चाल, खापर तपनं."

अंगणात चूल पेटली होती. वर ऊन, खाली जाळ. मी मांडे केले. पहिले सगळे नीट उतरले, नणंदांनी कौतुकही केलं. मग एक मांडा कोपरावरून घसरून जमिनीवर पडला, त्याच्यामागोमाग दुसरा पडला. मग मीच खाली बसले आणि मला उठता येईना. नणंदांनी धरून आत नेलं. पुढे कितीतरी दिवस मला कुणीतरी वेणी घालून द्यायचं. त्या पडलेल्या मांड्यांची गोष्ट मात्र अजून नातेवाइकांत निघते, तीही हसत हसत.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं तेव्हा त्या चिडल्या. म्हणाल्या, "ते तुमच्यासाठी होतं, घरच्यांसाठी नाही. आणि सगळ्यात वाईट दिवशी आधी भरायचं." बरोबरच होतं त्यांचं. सगळ्यात वाईट दिवशी फोन कसा उचलायचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी मुकाट्यानं रोज भरायला लागले. हेही रोज बघत राहिले. फोन लपवून ठेवायचा विचार आला होता, पण लपवला असता तर पुन्हा अंगचोर झाले असते. मला माझ्या घरात एकदा तरी नुसतं "दुखतंय" म्हणायचं होतं आणि ते कुणीतरी खरं मानायला हवं होतं. एवढंच.

थंडी पडली तशा सासूबाई उजवा हात सांभाळून वावरायला लागल्या. एका दुपारी मी पलंगावर बसून फोन बघत होते, तर त्या येऊन शेजारी टेकल्या. उजवा हात डाव्या हातानं धरला होता. खांद्यापासून बोटांपर्यंत तो अवघडून गेला होता. माझ्या फोनवरचे रंग बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मनं बी टाक त्यामा."

मला आधी रागच आला. मी बोलत होते तेव्हा तुम्ही फोनकडे बघत होतात, आणि आता तुमचं दुखलं तर माझा फोन आठवला, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "दहापैकी किती, आई?"

"दहा."

"दहा म्हणजे अजिबात सोसवत नाही असं."

"माले माहीत शे." त्या खिडकीकडे बघत होत्या. "पहिले बी व्हतं. माले कोनी इचारंच नई."

पूर्वीपासून दुखत होतं. म्हणजे माझ्या वाटची भाकरी त्या थापत होत्या तेव्हाही, आणि मी पलंगावर पडून आनंदात तो आवाज ऐकत होते तेव्हाही. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ॲप एकाच माणसाचं असतं, दिवसाला एकच आकडा घेतं. माझा त्या दिवशी पाच होता. मी पाच भरला नाही, त्यांचा दहा भरला. दिवस लाल झाला. त्यांनी वाकून तो रंग पाहिला आणि मान हलवली. बरं वाटलं असावं त्यांना.

संध्याकाळी हे आले आणि सवयीनं फोन उचलला. "बाप रे, आज दहा? तू पडून राहा. आई, आज भाकरी तू टाक गं."

"अहो, ते दहा आईंचे आहेत," मी म्हणाले.

त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा आईकडे. "आईला काय झालंय? सकाळपासून तर काम करतेय."

 सासूबाई डावा हात भिंतीला टेकवून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी हळूहळू उठून त्यांच्यामागे पोचले तोवर त्यांनी पीठ मळून पहिली भाकरी तव्यावर टाकली होती.