बारवेच्या भेगेवरची काच

एरंडोलजवळच्या आमच्या गावात जुनी दगडी पायऱ्यांची बारव आहे. श्रावणात कानबाई देवीचं विसर्जन तिथंच होतं. हातपाय चालत होते तोवर माझी बायको दर साली कानबाई डोक्यावर घेऊन त्या पायऱ्या उतरायची. ती गेली, आणि त्याच साली ग्रामपंचायतीत निघालं की भिंतीला भेगा पडल्यात, बारव बुजवून टाकू. मी फारसा शिकलेलो नाही, पण भांडता येतं. भांडलो. शेवटी सरपंच म्हणाला, "तपासणी होऊ द्या, आबा. धोका निघाला तर मुरूम टाकू."

तपासणीला नाशिकहून एक मुलगी येणार होती, जुन्या बांधकामांची दुखणी लिहून घेणारी. पाहुणे मुलगी पाहायला येतात तशी आम्ही बारव नटवली. भेगांत सिमेंट भरलं, वरून पांढरा रंग मारला.

तिनं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "दुखणंच झाकलं तर मी तपासू काय?"

"बठ्ठं चांगलं शे, तेच लिही," शेजारची अक्का म्हणाली.

"अक्का, डॉक्टरकडे पावडर लावून जाता का?"

"जास ना," अक्कानं होकाराची मान डोलावली.

मग सगळं जपून खरवडलं. तिनं दगड न् दगड पाहिला, कागदावर भिंत काढून भेगा लाल रेघेनं दाखवल्या. मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. म्हणाली, "भिंत अजून सरकत असेल तर काच तडकेल. पावसाळा जाऊ द्या."

रोज सकाळी मी काच बघायला जायचो. चहाला हाक मारणारं माणूस गेलं की सकाळ संपता संपत नाही. सरपंच वाटेत विचारायचा, "तडकली का, आबा?"

"आधी तुझं डोकं तडकेल."

बारव तपासणीत, म्हणून त्या साली कानबाई नदीवर नेली. मी काच पाहून आलो आणि दार लावून घेतलं.

दिवाळीनंतर मुलगी आली. काच पुसली, भिंग लावून पाहिली. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. ती सरपंचाकडे वळून म्हणाली, "काच अखंड आहे. भेग जुनी आहे, भिंत आता हलत नाही. चुन्यानं दुरुस्ती करा. बुजवायचं काही कारण नाही."

"चला, मुरूम वाचला," सरपंच म्हणाला.

"तुझ्या दारात टाक. चिखल असतो."

सगळे हसले, तोसुद्धा. मी छाती काढून गावातून निघालो. घरी सांगायला कोणी नाही, म्हणून जो भेटला त्याला थांबवून सांगितलं, आणि जो भेटला नाही त्याच्या दारात जाऊन सांगितलं.