मन्मथआप्पांच्या मोटारीचा गळका काटा

आमच्या गॅरेजात रॉकेलच्या एका डब्यात जुने नट-बोल्ट साठवलेले असत. कधी काय कामाला येईल सांगता येत नाही, म्हणून कुणी ते फेकत नसे. माझ्याकडच्या किश्श्यांचंही तसंच झालं. पोलीस अॅक्शननंतरच्या वर्षांत परभणीच्या स्टेशन रोडला मी युसूफ उस्तादांच्या हाताखाली मिस्त्री होतो. ते बोल्ट कुठं गेले ठाऊक नाही, पण एकट्या मन्मथआप्पांच्या मोटारीचे किस्से अजून शिल्लक आहेत.

आप्पा मोंढ्यातले आडते. जहागिऱ्या गेल्या तेव्हा एका जहागीरदारानं काढून टाकलेली जुनाट अमेरिकन मोटार त्यांनी घेतली. तिची पेट्रोलची टाकी पुढं, थेट ड्रायव्हरच्या गुडघ्यांवर. पेट्रोल किती ते दाखवणारा काटा त्या टाकीतच बसवलेला. त्याचं वायसर सडलं होतं, त्यामुळं पेट्रोल थेंब थेंब ड्रायव्हरच्या मांडीवर पडे. आतलं तरंगणारं बूच पेट्रोल पिऊन बुडालं होतं. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा आपला रिकामीच दाखवी!

ड्रायव्हर गंगाराम हा धनगराचा. मेंढरं भावांच्या वाट्याला गेली आणि याच्या हाती मोटारीचं चाक आलं. बिडीचा लय शौकीन, पण दोन वर्षांत मोटारीत त्यानं काडी ओढली नव्हती.

घरीही तेच हाल. म्हणायचा, "बायकू चुलीपाशी येऊ देईना. भाकर दारात आणून देती. म्हनती, तुमी पेटले तर पेटले, घर जाईल."

*

काटा बिघडला तरी गंगारामचं अडत नसे. टाकीवर बोटानं टकटक करी, कान देई आणि पेट्रोल किती ते सांगे.

एकदा आप्पांना पिंगळीला जायचं होतं. गंगारामनं टकटक केली आणि म्हणाला, "जानं हुतंय. येनं न्हाई."

आप्पांना घाई होती. निघाले. परतताना मोटार रस्त्यात बंद पडली. आप्पांनी तोंड उघडायच्या आत गंगाराम म्हणाला, "मी येनं न्हाई म्हनलो हुतो."

आप्पा कुणाच्या तरी बैलगाडीतून घरी आले. पुढं टकटक झाल्याशिवाय त्यांनी मोटारीत पाय ठेवला नाही.

*

गळतीवर उस्तादांनी आधी साबणाचा इलाज केला. पेट्रोलात साबण विरघळत नाही, म्हणून काट्याभोवती चांगला जाड थापला. आठ दिवस थेंब पडला नाही.

मग आप्पा जावयाला भेटायला येलदरीला गेले. जावई तिथं धरणाच्या कामावर ओव्हरसिअर. आप्पा लिंगायत, आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय घास घेत नसत. पूर्णेच्या काठाला उतरले तर अंगाचा साबण घरीच राहिलेला. काट्याभोवतीचा त्यांच्या नजरेस पडला. नखांनी सगळा खरवडून घेतला आणि नदीत उतरले.

पूजेला बसून आप्पांनी उदबत्ती काढली, तसा गंगारामनं त्यांचा हात धरला.

"आप्पा, आज नुसतं फूल वाहा."

*

त्याच भेटीत जावयाचं मन मोटारीवर बसलं. हैदराबादेत गाडी चालवायला शिकलेला माणूस, पांढरीफेक पॅन्ट घालणारा. म्हणाला, "मामंजी, तो काटा दुरुस्त करून घ्या आणि गाडी माझ्याकडं राहू द्या. काटा चालला की ड्रायव्हर कशाला लागतो?"

जावयाला नाही म्हणायची सोय नव्हती. आप्पा गॅरेजात आले आणि आमच्याकडं न बघताच म्हणाले, "काटा नवा करा." गंगाराम मागं उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं.

*

आम्ही काटा खोलला. दवाखान्याच्या कंपाउंडरकडून मोठ्या बाटलीचं बूच आणलं. त्यानं पेट्रोल पिऊ नये म्हणून बांगड्यावाल्याकडची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्याला लावली. आप्पांनी ते बूच हुंगलं आणि चेहरा पाडला. दारूच्या भावकीतलं काही त्यांना मोटारीत चालत नव्हतं.

उस्ताद म्हणाले, "आप्पा, तुम पीते नै, मैं पीता नै. ये बूच बी पीना नै, इसके वास्तेच लगाया."

आप्पांनी बूच गुपचूप परत दिलं.

ते बूच तासलं होतं गंगारामनंच. मेंढरं कातरलेला हात, एक काप वाकडा गेला नाही. वायसर बसवताना मी त्याला हळूच विचारलं, "जरा ढिलं ठेवू का? गळू दे थोडं."

त्यानं वर पाहिलं नाही. "नगं. माज्या मांड्या सोलल्या. मागनं जो बसंल त्याच्या बी सोलतील."

मला त्याचं वाईट वाटलं, आणि आपण असं विचारलं याची लाजही वाटली. मी वायसर घट्ट आवळलं.

*

तिसऱ्या दिवशी आप्पा जावयाला घेऊन आले. टाकी भरली. काटा सरसर वर चढला आणि भरल्याच्या खुणेवर थांबला. खाली थेंब नाही. जावयानं गादीवर रुमाल अंथरला, पण चाकामागं काही बसेना.

"आता गळत नाही. रस्त्यात गळलं तर? आधी गंगारामला एक फेरी मारू दे," म्हणून तो मागं बसला. आप्पा पुढं बसले.

गंगाराम चाकामागं बसला. मांडीवर तळवा फिरवला. मग मुंडाशातून बिडी काढली, ओठात धरली आणि काडी ओढली.

एका दारातून जावई पळाला, दुसऱ्यातून आप्पा. त्यांची एक चप्पल मोटारीतच राहिली. उस्ताद लिंबाच्या झाडामागं गेले. वायसर मी स्वतः आवळलं होतं, तरी मी उस्तादांच्याही मागं होतो.

गंगारामनं बिडी सावकाश संपवली. थोटूक बाहेर टाकलं. "या आप्पा. काम झ्याक झालंय."

आप्पा आले, चप्पल पायात घातली आणि जावयाकडं वळले.

"जावईबापू, आता तुमी बसा. तितं बसून एक बिडी वढा, मंग चावी घ्या."