शिळं पाणी

सोलापुरात पाणी शिळं होतं. नळ चार-पाच दिवसांनी येतो. तो आला की पिंपातलं उरलेलं पाणी आमच्या घरी पिण्यातून बाद व्हायचं, पण फेकलं जायचं नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला अशा गावात पाणी फेकणाऱ्याला लोक तोंडावर शिव्या देतात. आई ते कूलरला ओतायची. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू घरातली लेक ती, थेंब वाया घालवणं तिच्या लेखी पाप. कूलरच्या टाकीत जुन्यावर जुनं साचत गेलं, तळ बुळबुळीत झाला. वरून वाळ्याचा वास यायचा, म्हणून आम्ही खूश.

वडिलांची खाट कूलरच्या तोंडाशीच होती. त्या उन्हाळ्यात त्यांना ताप भरला, मग खोकला, मग धाप. अंगात उष्णता झाली म्हणून आईने कूलर आणखी जोरात लावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला आणि लघवी तपासायला पाठवली. धाप छातीत आणि तपासणी लघवीची! मी वैतागलो. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "घरी कूलर आहे? त्यातलं पाणी कधी बदलता?"

"बदलायचं कशाला? भर घालतो की."

लिजिओनेला नावाचे जंतू असतात, त्यांची खूण लघवीत सापडते म्हणाल्या. साचलेल्या कोमट पाण्यात वाढतात, बारीक तुषारांबरोबर श्वासातून छातीत उतरतात. "बहुधा तिथूनच आलेत."

वडील वाचले नाहीत. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी आईला सांगितलं नाही, सांगणारही नाही. मला संताप येतो, पण तिचा नाही. नासलेलं पाणीसुद्धा जपायला लावणाऱ्या या गावाचा येतो.

सुतकातच नळ आला. घरात पाहुणे, उकाडा मरणाचा. कूलर मी घासून कोरडा करून ठेवला होता. आई डोळे पुसून उठली, पिंपातलं जुनं पाणी बादलीत काढून माझ्यापुढे ठेवलं.

"आरं, हे कूलरला वत. माणसं लई घामाघूम झाल्यात."

मी बादली मोरीत उपडी केली.

"येडा का खुळा तू?" ती सगळ्यांदेखत कडाडली. "बाप गेला तशी पाण्याची किंमतबी गेली व्हय? त्येंनी कदी थेंब सांडू दिला न्हाय!"

मी मान खाली घालून ऐकून घेतलं.