मन मोकळं करणारे साहेब

आधी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं, तोंड स्वतःकडे. मग समोरच्याला म्हणायचं, "मन मोकळं करा." दहा मिनिटं झाली की घड्याळ परत मनगटावर. मन मोकळं झालेलं असो वा नसो.

असले साहेब तुम्हीही पाहिले असतील. आमचे ऐंशीच्या दशकात साक्रीकडच्या एका वसाहतीत आले. धरणात गाव गेलेल्या लोकांची ती वसाहत. लोकांना झोप लागेना, अन्न गोड लागेना, म्हणून त्यांना धीर द्यायला साहेबांची नेमणूक. मी धुळ्याहून आलेला कारकून, त्यांचे कागद सांभाळायचो. अहिराणीचा त्यांना गंध नव्हता आणि शिकायची गरजही वाटली नाही. रडणाऱ्यालाही म्हणायचे, "शुद्ध बोला, म्हणजे मला कळेल."

आमच्या कचेरीला लागूनच एका अक्काचं घर होतं. जुन्या गावात ती रोज सकाळी भिंतीपलीकडच्या गंगूला हाक मारायची, "उठनी का व गंगू?" गंगूचं "हाव व" आलं की दोघींच्या चुली पेटायच्या. चाळीस वर्षं असंच. इथे चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले आणि गंगू गेली पार दुसऱ्या टोकाला. तरीही अक्का रोज हाक मारायची, आणि दुपारपर्यंत थंड चुलीपुढे उपाशी बसायची. अंगावर मूठभर मांस राहिलं नव्हतं.

"आमनी भीतले भीत व्हती, साहेब," ती सांगत होती. "आते ती तठे, मी आठे."

"हाकेला उत्तर येतं का?" साहेबांनी विचारलं.

"नही."

साहेबांनी कागदावर 'भास' लिहिलं आणि झोपेच्या गोळ्या सुरू करायला लावल्या. प्लॉट बदलून मिळावा म्हणून तिचा अर्ज होता. त्यावर शेरा मारला, 'मन ठिकाणावर आल्यावर विचार व्हावा.' तो अर्ज मीच निमूट फायलीत लावला. माझीही लायकी काही फार वेगळी नव्हती.

पुढे त्यांची बदली झाली. सकाळी निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, हार, सगळं होतं. वसाहतीतलं मात्र कुणी फिरकलं नाही. आम्हा तिघा कारकुनांपुढे साहेब पाऊण तास माणुसकीवर बोलले. तेव्हा घड्याळ मनगटावरच होतं.

ते जीपमध्ये बसत असताना अक्काची हाक आली, "उठनी का व गंगू?"

"अजून चालूच आहे," साहेब म्हणाले. "नवीन माणसाला सांगा, गोळी वाढवा."

जीप निघून गेली. तेवढ्यात अक्काच्या पलीकडच्या घरातून आवाज आला, "हाव व."

आम्ही जाऊन पाहिलं, तर सगळी वसाहत तिथे. अक्काच्या शेजाऱ्याने पहाटेच गंगूशी घर बदललं होतं. अर्ज नाही, शेरा नाही. लोक शेवटचे हंडे वाहत होते. अक्काने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चूल फुंकत होती.