आधी तास, मग विषय

"घरी भांडण कशावरून होतं?"

एफ. वाय. बी. ए.च्या प्रवेशाला आलेल्या प्रत्येक मुलाला आमच्या बाई हा पहिला प्रश्न विचारायच्या. बारावीचे मार्क नाहीत, वडील काय करतात हे नाही, आणि पुढे काय व्हायचंय हे तर नाहीच. मुलगा गोंधळून आईकडे बघायचा आणि आई छताकडे. मग बाई खुर्ची पुढे ओढून म्हणायच्या, "सांग की. सगळ्यांच्या घरी होतं."

लोणी काळभोरचा एक उंच मुलगा म्हणाला होता, "चुलत्यासंगं बांधावरनं हाय, मॅडम. आज्ज्यापासनं."

"मग भूगोल घे आणि राज्यशास्त्र घे. आजोबांचं भांडण आहे, निदान शास्त्रशुद्ध तरी होऊ दे."

येरवड्याहून आलेली एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, "आमच्याकडे कुणी भांडतच नाही. सगळे गप्प असतात." बाईंनी तिच्यासाठी चहा मागवला आणि मानसशास्त्राच्या तासाला बसून बघायला सांगितलं.

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या सभागृहात प्रत्येक विषयाचं टेबल लागतं. पुण्यात बाहेरून कुणी आलं की स्वारगेटला रिक्षावाले जसे पुढे होतात, तसे आम्ही प्राध्यापक त्या टेबलांवरून पुढे होतो. "अर्थशास्त्र घ्या, बँकेच्या परीक्षा आहेत." "राज्यशास्त्र घ्या, एमपीएससी आहे." विद्यार्थी कमी झाले की तास कमी होतात आणि तास कमी झाले की पुढचं सगळंच अवघड होतं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. माझं टेबल अर्थशास्त्राचं. शेजारचं, पाण्याच्या कूलरला चिकटून असलेलं, समाजशास्त्राचं. तिथे बाई बसायच्या. समाजशास्त्राच्या त्या आमच्याकडच्या एकट्या प्राध्यापक, आणि स्वतःचा विषय घ्या असं कुणालाही न सांगणाऱ्याही त्या एकट्याच.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. त्यांच्या दुकानात गेलात तर तेच सांगतात, हे शेजारच्या दुकानात चांगलं मिळेल. अशा माणसांचं कौतुक सगळे करतात आणि काळजी फक्त शेजारचा दुकानदार करतो. मी करत होतो.

"आधी तास, मग विषय," हा बाईंचा नियम. विषय पक्का करण्याआधी मुलांनी आठवडाभर प्रत्येक विषयाच्या वर्गात बसावं, असं त्यांनी प्राचार्यांकडून मान्य करून घेतलं होतं. ते कसं मान्य झालं ते मला माहीत नाही. बहुधा प्राचार्य कंटाळून 'हो' म्हणाले असावेत. मुलं एकेका वर्गात जाऊन बसायची आणि बाईही त्यांच्यामागून जायच्या. दाराशेजारच्या बाकावर बसायच्या. फळ्याकडे मात्र त्यांचं लक्ष नसायचं, त्या मुलांचे चेहरे बघायच्या. आमच्या काही सहकाऱ्यांना हे आवडत नसे. "आमची तपासणी करायला येता का?" असं एकांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "छे हो. तुमच्यात तपासण्यासारखं काय आहे?"

बाई मूळच्या नागपूरच्या. पुण्यात तीस-एक वर्षं काढून त्यांची भाषा पुण्याची झाली होती, टोमण्यांसकट. फक्त राग आला की नागपूर वर यायचं. त्यांचे वडील गिरणीत होते. घरात कॉलेजात जाणाऱ्या त्या पहिल्याच. एकदा मी विचारलं, "बाई, तुम्ही समाजशास्त्र का घेतलंत?"

"मी कुठे घेतलं? प्रवेशाच्या खिडकीतल्या माणसाने घेतलं." त्या अगदी सहज बोलत होत्या. "त्याने माझं आडनाव वाचलं, एकदा वर बघितलं आणि म्हणाला, तुम्हाला काय, कुठलाही चालेल. त्याला ज्या विषयात जागा भरायच्या होत्या तो त्याने लिहून टाकला. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणा. पुढे जीव जडला, ती गोष्ट वेगळी. पण विचारलं नाही ते नाहीच."

मी चहा ढवळत राहिलो. साखर कधीच विरघळली होती.

मग तो जून आला. नवीन शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयाला मेजर, दुय्यमला मायनर असे शब्द आले होते आणि ते पालकांना समजावताना आम्हालाच घाम फुटत होता. त्यात प्राचार्यांनी बैठक घेऊन सांगितलं, की ठरलेली संख्या भरली नाही तर तो विषय पहिल्या वर्षाला बंद. सगळ्यांनी बाईंकडे बघणं टाळलं, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. समाजशास्त्र एकदा पहिल्या वर्षाला गेलं की पुढची वर्षंही ओळीने जाणार होती. बाईंच्या निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. त्यांच्या पगाराला धक्का नव्हता. पण त्यांनी रिकाम्या खोलीत सुरू केलेला आणि इतकी वर्षं चालवलेला विषय त्यांच्या डोळ्यांदेखत बंद होणार होता.

बाईंनी काहीही बदललं नाही. भांडणं विचारली, मुलं इकडेतिकडे पाठवली. तरी जागा भरत आल्या, कारण काही मुलांच्या घरची भांडणं खरोखरच समाजशास्त्राची होती. शेवटच्या दिवशी दुपारी फक्त एक कमी होती.

तेव्हा खडकीची ती मुलगी आली. सोबत वडील, दारूगोळा कारखान्यात काम करणारे, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदपत्रांची पिशवी. मुलगी आठवडाभर सगळीकडे बसली होती. बाईंच्या टेबलापाशी येऊन ती म्हणाली, "मॅडम, माझं ठरलं. मेजर समाजशास्त्र."

वडील म्हणाले, "माझं म्हणणं अर्थशास्त्र होतं. पण ती ऐकत नाही. तुम्ही म्हणाल तसं करू, मॅडम."

मी माझ्या टेबलावरून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. जमलं होतं.

बाईंनी मुलीला विचारलं, "का घेतेस?"

"तुम्ही शिकवता म्हणून. मला तुम्ही खूप आवडता."

"मी काय विषय आहे का?" बाई म्हणाल्या. "मी पुढच्या वर्षी घरी जाणार. मग काय करशील? माझ्या घरी येऊन बसशील?"

मुलगी हिरमुसली. बाईंनी तिला शेजारी बसवलं. "माझ्या तासाला तू नुसती माझ्याकडे बघत होतीस. एक प्रश्न विचारला नाहीस. आणि या सरांच्या तासाला काय केलंस, आठवतं?"

मला आठवत होतं. राष्ट्रीय उत्पन्नात काय मोजतात ते मी सांगत होतो आणि ही मुलगी उभी राहिली होती. "सर, आई दुसऱ्यांकडे पोळ्या लाटते त्या मोजणार आणि घरी लाटते त्या नाही?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. तिला पटलं नाही. तास संपला तरी ती फळ्याजवळ उभी राहून वाद घालत होती.

"तिथे तू भांडलीस," बाई म्हणाल्या. "जिथे भांडावंसं वाटतं, तो आपला विषय." मग वडिलांकडे वळून, "भाऊ, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही म्हणता म्हणून नाही हं, तिला हवं म्हणून."

मी न राहवून उठलो आणि बाईंना बाजूला घेतलं. "बाई, एकच हवी आहे हो. ती स्वतः मागतेय. पुढे बदलेल मेजर, नाही तर नाही. द्या ना."

बाई एकदम तापल्या. "काहून बाप्पा? माझा वर्ग वाचवाले तिची वर्षं वाया घालू? त्या खिडकीतल्या माणसात अन् माझ्यात मग फरक काय राहिला?"

मुलगी माझ्याकडे आली. संध्याकाळी नोटीस लागली. समाजशास्त्र बंद. बाईंनी नोटीस वाचली, चष्मा पुसला आणि "ड्राफ्टिंग बरं केलंय" एवढंच म्हणाल्या. नंतर मी त्यांना त्यांच्या रिकाम्या वर्गात बसलेलं पाहिलं. आत गेलो नाही. रडणाऱ्या माणसाला सोबत हवी असते असं म्हणतात, पण बाईंना ती चालली नसती.

जुलैत माझा पहिला तास होता. मी हजेरी घेत होतो, तर दाराशेजारच्या बाकावर बाई. हातात कोरी वही.

"बाई, तुम्ही?"

"इतकी वर्षं पोरं पाठवतेय तुमच्याकडे. आता वेळ आहे, म्हटलं तुम्ही शिकवता काय ते तरी बघावं."

वरच्या वर्गांचे तास सांभाळून त्या वर्षभर येत राहिल्या. मी म्हणालो, "इतर परिस्थिती कायम राहिल्यास किंमत वाढली की मागणी घटते," तर मागून आवाज आला, "सर, ती कधी राहिली होती कायम?" वर्ग हसला. खडकीची मुलगी सगळ्यांत जोरात हसली, आणि मग दोघी मिळून माझ्यावर तुटून पडल्या. इतक्या वर्षांत मी इतकं चांगलं कधी शिकवलेलं नाही. घरी तयारी करून जावं लागायचं.

एप्रिलमध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. फोनवर कमी बोलतात, त्यांना ऐकू कमी येतं. माणूस गेल्यावर खुर्ची रिकामी वाटते असं म्हणतात. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी सभागृहातला कूलर त्यांच्या टेबलाच्या जागी सरकवला. तरीही मला बाईंची फार आठवण येते, अजूनही.

यंदाच्या जूनमध्ये एक मुलगी टेबलांच्या रांगेतून दोनदा फिरली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. "सर, समाजशास्त्राचं टेबल कुठेय?"

"आमच्याकडे आता नाही."

"मग काय घेऊ?"

शेजारचे सहकारी पुढे झाले. माझ्याही दोन जागा बाकी होत्या. मी तिच्याशी थोडा वेळ बोललो. तिला खरंच तेच हवं होतं. काय हवं, ते तिला माझ्यापेक्षा नीट सांगता येत होतं. मी टेबलावरची अर्थशास्त्राची पाटी उलटी ठेवली आणि तिला म्हणालो, "चल."

दोन चौक पलीकडे एक कॉलेज आहे, तिथे अजून समाजशास्त्र शिकवतात. ऊन होतं. सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, "सर, तुमचा विषय अर्थशास्त्र ना?"

"हो."

"मग तुम्ही मला इकडे का नेताय?"

सिग्नल सुटला. रस्ता ओलांडताना मी तिला सांगायला लागलो, "आमच्या कॉलेजात एक बाई होत्या..."