रिकाम्या डिस्कचा ताळा

आमच्या गणिताच्या बाई नुसत्या उत्तराला पूर्ण मार्क कधीच देत नसत. उत्तर बरोबर असलं तरी खाली ताळा केलेला नसेल, तर लाल पेनानं अर्धीच खूण. भागाकार झाला ना, मग भाजकानं गुण, बाकी मिळव, भाज्य आला तरच वही दाखव. मला त्या ताळ्याचा मनापासून कंटाळा. उत्तर आलं की वही मिटून मी मोकळी. हा स्वभाव नोकरीतही सुटला नाही, आणि नोकरी काय, तर सोलापुरातल्या एका कॉलेजचे सर्व्हर सांभाळायची.

बाई निवृत्त होऊन कुंभारीला राहायला गेल्या आणि तिथल्या विडी कामगारांच्या मुलींसाठी गणिताचे धडे रेकॉर्ड करू लागल्या. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. मुली घरी एक बोलतात, शाळेत दुसरं. बाईंचं माहेर तेलुगू विणकरांचं, त्यामुळे दोन्ही भाषा त्यांच्या तोंडी सारख्याच. पाचवी ते आठवीचं सगळं गणित झालं आणि मग घशाचं ऑपरेशन झालं. आवाज राहिला, पण घोगरा, दोन वाक्यांत दमणारा. म्हणजे नवा धडा आता होणार नव्हता. होते ते सगळे त्यांच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो मी लावून दिलेला.

एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. धडेच दिसत नव्हते. माढ्याच्या एका शाळेला ते पाठवायचे म्हणून त्यांनी कॉम्प्युटर बंद करून आतल्या दोन मोठ्या डिस्कपैकी नवी, त्यांच्या मते रिकामी, डिस्क काढली होती आणि लॅपटॉपला जोडली होती. लॅपटॉपनं विचारलं, डिस्क वापरासाठी तयार करू का? बाईंनी हो म्हटलं. मग धडे उतरवून घ्यायला जुना कॉम्प्युटर चालू केला, तर धड्यांचा फोल्डरच गायब.

माझं डोकं फिरलं. जिनं मला शिकवलं तिलाच मी फोनवर फैलावर घेतलं. डिस्क काढायच्या आधी एकदा विचारायचं तरी, असली घाई कशाला, वगैरे वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जेवायलाच ये, शेंगाची चटणी केलीये.

मी कुंभारीला जाऊन ताटावर बसले, पण डोक्यात डिस्कच होत्या. त्या दोन डिस्क मी जोडून एकच जागा केली होती. अशा वेळी एका धड्याचा तुकडा एकीवर, दुसरा दुसरीवर असू शकतो, आणि कुठला तुकडा कुठं आहे याची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या टोकाला लिहिलेली असते. लॅपटॉपनं नेमकं ते टोक पुसून स्वतःची नोंद केली होती. बाईंना हे सांगितलं तर त्या भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, म्हणजे अनुक्रमणिका फाटली, पुस्तक आहे. मी म्हटलं, असलं तर बरं.

यादी बदलली की तिची एक प्रत कॉम्प्युटर आपणहून तिसऱ्या, छोट्या डिस्कवर ठेवतो, ज्यावरून तो स्वतः चालतो. साधा मजकूर असतो, डोळ्यांनी वाचता येतो. डिस्कचं बत्तीस अक्षरांचं ओळखपत्र त्यात असतं. तेच जसंच्या तसं डिस्कला परत द्यायचं आणि यादी पुन्हा लिहायची. आज्ञा द्यायच्या आधी नुसती रंगीत तालीमही घेता येते. ती मी एरवी घेत नाही. त्या दिवशी दोनदा घेतली.

पण कुठली प्रत खरी हे ठरवायला जुन्या प्रती उघडल्या, तेव्हा माझे कान गरम झाले. प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर कोणती आज्ञा कधी दिली ते लिहिलेलं असतं. नवी डिस्क बसवली त्या दिवशी मी बाईंना सांगितलं होतं, ही रिकामी आहे, पुढंमागं लागेल. आणि त्यानंतर महिन्यानं, जागा भरत आली म्हणून, मी माझ्या घरी बसल्या बसल्या इंटरनेटवरून ती डिस्क जुन्या जागेला जोडून टाकली होती. आज्ञा माझी, तारीख समोर. बाईंना सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

यादी परत लिहिली, जागा उघडली, तपासणी लावली. फोल्डर आला. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि एक धडा लावायला सांगितला. ऑपरेशनच्या आधीचा तो खणखणीत आवाज खोलीभर झाला. बाई स्वतःचाच आवाज हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या. मला इतकं बरं वाटलं की रडूच यायचं बाकी राहिलं. ती जुनी प्रत बाईंना कळण्यासारखी नव्हती. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं.

तेवढ्यात धड्यातल्या बाई म्हणाल्या, "उत्तर आलं म्हणून पेन खाली ठेवू नका. ताळा करा."

मी धडा थांबवला. "बाई, चूक माझी होती. डिस्क रिकामी नव्हती. मीच ती वापरात घेतली आणि तुम्हाला कळवलं नाही."

बाईंनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, नवी डिस्क, रिकामी. खाली माझं नाव आणि तारीख.

"तू रिकामी म्हणाली होतीस की," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"मग सकाळी फोनवर का नाही बोललात?"

"उत्तर मी सांगत नसते. विसरलीस होय?"

मी वही ओढली आणि त्या ओळीखाली लिहिलं, डिस्क रिकामी नाही, धडे आहेत. वही त्यांच्यापुढं सरकवली. बाईंनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि अर्धी खूण केली. माझ्यासारख्या चाळिशीतल्या बाईला अर्धी खूण. मी काही बोलणार तोच त्यांनी पेनानं कोपऱ्यातली रिकामी जागा दाखवली. तारीख घालायची राहिली होती.

मी तारीख घातली. मग बाईंनी खूण पूर्ण केली.